'कॅसेट भरून घेणे' हे मराठी आहे का? (मिक्सटेपला काय म्हणाल)

खारी_बिस्कीट
मंडळी जरा मदत करा, दिवाळी अंकाचं काम आहे आणि संपादकबाई ऐकत नाहीयेत. माझ्या दादाची मुलगी अमेरिकेतच जन्मली वाढली, तिने आईबाबांच्या लग्नाआधीच्या दिवसांवर इंग्रजीत एक लेख लिहिलाय आणि त्यांच्या तिकडच्या मंडळाच्या अंकासाठी त्याचं मराठी करायचं काम आत्या म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. त्यात एक वाक्य आहे, १९९६ साली बाबांनी आईला एक मिक्सटेप करून दिली, अलिशा चिनॉय, लकी अली, दलेर मेहंदी, कलोनिअल कझिन्स, सगळं त्या वेळचं इंडीपॉप एकाच कॅसेटमध्ये. मी आपलं सहज लिहून गेले, "बाबांनी आईसाठी कॅसेट भरून घेतली." बाईंचा लाल शेरा आला, "भरून घेतली म्हणजे? कॅसेट आहे की हंडा?" आणि पुढे स्वतःची दुरुस्ती, "संमिश्र ध्वनिफीत तयार केली." अहो पण आम्ही सांगलीत जन्मभर कॅसेटी भरूनच घेतल्या! नवऱ्याला विचारलं तर तो गिरगावातला, म्हणे असं कुणी बोलत नव्हतं, आम्ही टेप करायचो. दादाला विचारलं तर नुसता हसतो. मी चुकतेय का?

तात्या_करवीर
काय चुकत नाही ताई. भरूनच घ्यायच्या. आमच्यात कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात दुकान होतं, दुकान कसलं, जिन्याखालची जागा, आत दोन डेक आणि एक माणूस. फुलस्केपवर यादी न्यायची, सोबत कोरी कॅसेट, तो यादीवर पेन फिरवायचा आणि म्हणायचा, "ह्यातली तीन आपल्याकडं नाहीत, बाकीची भरतो, गुरुवारी या." माझी पहिली भरलेली कॅसेट नाझिया हसनची, 'डिस्को दीवाने' १९८१ ला आलं त्याच्या पुढच्या वर्षी. आता गंमत ऐका, साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, गाणं पाच साडेपाच मिनिटांचं, म्हणजे पाच गाणी बसून दोन-तीन मिनिटं उरायची, आणि जागा मोकळी सोडणं त्या माणसाच्या जिवावर यायचं. तिथं तो स्वतःच्या मनाचं काहीतरी टाकायचा. माझ्या त्या कॅसेटला शेवटी दोन मिनिटं अभंग होता आणि तो कडव्याच्या मध्येच कच्चकन तुटायचा. आजपण नाझिया कुठं लागली की गाणं संपता संपता मला विठ्ठल ऐकू येतो.

बांद्रा_फास्ट
तुमच्या मिस्टरांशी सहमत. मुंबईत 'टेप करणे'. रेडिओवरून टेप करायचो, शेजाऱ्याकडून आणून टेप करायचो. भरणे मी पहिल्यांदाच ऐकतोय. एक निरीक्षण मात्र नोंदवतो, 'टेप' शब्दाचं लिंग आपण किती हुशारीने वापरायचो बघा. "टेप बिघडला" म्हणजे यंत्र, "टेप तुटली" म्हणजे आतली पट्टी. शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

शुद्धमती
संपादकबाईंचं काय चुकलं ते मला समजलेलं नाही. आकाशवाणीवर ध्वनिफीत आणि ध्वनिमुद्रिका हे दोन्ही शब्द सर्रास होते, तबकडीसाठी वेगळा, फितीसाठी वेगळा. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक असे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते, आज त्याशिवाय पान हलत नाही. 'भरणे' हे तर मला हिंदीतून आलेलं दिसतं, उत्तरेत 'कैसेट भरवाना' म्हणतात. आपल्याकडे चांगला शब्द असताना दुकानदारी भाषा दिवाळी अंकात कशाला?

तात्या_करवीर
महापौर रोज पेपरात येतो म्हणून रुजला. ध्वनिफीत कोण म्हणायचं? फक्त निवेदिका. "आई माझी ध्वनिफीत कुठं गेली" असं म्हणलेलं एक पोरगं दाखवा, तुम्हाला मिसळ माझ्याकडून.
आणि भरणे हिंदी? पाणी भरतो, फॉर्म भरतो, ओटी भरतो, पेनात शाई भरतो, शेजारणीचे कान भरतो. कॅसेट भरायला तेवढी उत्तरेची परवानगी लागते होय?

वऱ्हाडी_ठेचा
कान भरणे हेच तर मूळ आहे न तात्या, कॅसेट म्हणजे कान भरायचं मशीन 😄
आमच्याकडे अकोल्याला तर हा शब्द मेलाच नाही. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, मोबाईल आला, पण त्याच दुकानावर पाटी काय लागली? "मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील." मी स्वतः बारावीत असताना भरून आणलंय, दोन जीबीचं कार्ड. यादी वगैरे काही नाही, तो विचारे, "नवीन टाकू का जुने, डीजे पाहिजे का भक्ती," आणि फोल्डरचं फोल्डर ओतून देई. वस्तू तीनदा बदलली, क्रियापद तेच. अजून काय पुरावा पाहिजे?

अर्धविराम
मी अनुवाद करतो म्हणून थोडं वेगळं सांगू का. ध्वनिफीत की कॅसेट हा मुद्दाच नाहीये, कॅसेट हा मराठी शब्द झालेला आहे, सोडून द्या. मुद्दा 'घेतली' मध्ये आहे. इंग्रजीतला मिक्सटेप करणारा माणूस स्वतः रात्र जागवून, एक गाणं झालं की बटण दाबून, दुसरं लावून ती करतो, त्याच्या हातांचे कष्ट त्यात असतात. 'भरून घेतली' म्हटलं की कष्ट दुकानदाराचे झाले. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी दोन कॅसेटवाला टेप नव्हताच त्यामुळे प्रेम जे काय होतं ते यादीत होतं, कुठलं गाणं पहिलं आणि कुठल्यानंतर कुठलं. म्हणून आधी दादाला हे विचारा की त्याने भरली की भरून घेतली, एका शब्दाने अख्खा माणूस बदलतो.

मडगांवकार
आमच्या गोंयात हा प्रश्न नव्हता, आमच्याकडे गायकच कॅसेट घेऊन दारात यायचा! रेमो फर्नांडिसने ऐंशीच्या दशकात घरातच गाणी रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवली. आम्ही भुरगीं, म्हणजे पोरं, पॉप म्हणजे काय ते त्यातूनच शिकलो. पुण्याला शिकायला आलो तर तिकडे पॉप म्हणजे सगळं इंग्रजी, रॉकसुद्धा पॉप, सगळंच पॉप. आणि मोठ्या माणसांच्या लेखी सगळाच धांगडधिंगा.

बांद्रा_फास्ट
धांगडधिंगा!!! आमच्या आजोबांचा पेटंट शब्द. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीला आला तेव्हा आजोबा खिडकीत उभं राहून म्हणाले, "बंद करा तो धांगडधिंगा." अंधेरी कुठे आणि आमचं घर कुठे, ऐकू काहीच येत नव्हतं, टीव्हीपण बंद होता.
माझा आपला अंदाज, हा शब्द तबल्याच्या बोलांवरून आला असणार. धा, धिं, ना.

शुद्धमती
अंदाजपंचे व्युत्पत्ती नको. हिंदीत धींगामुश्ती आहे, आपल्यात धिंगाणा आहे, त्याच घरातला शब्द. तबल्याला कशाला मध्ये ओढता?

तात्या_करवीर
बघा, हिंदी आत्ता चालली. भरणे हिंदी म्हणून वाईट आणि धिंगा हिंदी म्हणून खानदानी.

जेन_झी_जोशी
सॉरी काका-काकूंनो, मधे बोलतोय, पण मिक्सटेप म्हणजे कॅसेटच नाही ना? रॅपर लोक अल्बमच्या आधी जे फुकट सोडतात ते मिक्सटेप. सगळी गाणी एकाच माणसाची असतात. तुम्ही जे म्हणताय ती प्लेलिस्ट. आत्याने सरळ 'बाबांनी आईला प्लेलिस्ट दिली' लिहावं, सगळ्यांना कळेल.

खारी_बिस्कीट
बाळा, प्लेलिस्ट पावसात भिजत नाही, टेपमध्ये गुंतत नाही आणि परत मागता येत नाही. १९९६ ची गोष्ट आहे.

ओसरी
मला शब्द सुचला, वानोळा! आमच्या नाशिककडे घरचे नवे पापड, नवी हुरडा, शेतातली पहिली भाजी थोडी थोडी शेजारी पाठवतात तो वानोळा. मिक्सटेप म्हणजे तरी काय, आपल्याकडच्या चांगल्यातलं थोडं थोडं दुसऱ्याला. "बाबांनी आईला गाण्यांचा वानोळा पाठवला." किती गोड वाटतं.

अर्धविराम
गोड आहे, पण वाचणाऱ्याला पापडच दिसतील. शिवाय हुरडा 'तो', नवी हुरडा नव्हे.

ओसरी
आमच्याकडे चालतं.

वऱ्हाडी_ठेचा
वानोळा पाठवायचा तर भाजणी म्हणा न सरळ, सगळ्या डाळी एकत्र 😂 संमिश्र ध्वनिफीत म्हणजे मला तर संमिश्र खतच आठवते बाप्पा, पोत्यावर लिहिलेलं.

तात्या_करवीर
अर्धवटराव, माफ करा अर्धविराम, तुमचा मुद्दा पटला पण अर्धाच. यादीत प्रेम होतं हे खरं, पण भरणाऱ्याचंही काहीतरी होतं. ते शेवटचं उरलेल्या जागेतलं गाणं, आपण कवितेत म्हणतो ना भरतीचा शब्द, वृत्त भरायला घातलेला, तसं ते भरतीचं गाणं. माझं तर म्हणणं आहे की कॅसेट 'भरणे' हे तिथूनच आलं, तीस मिनिटं काठोकाठ भरायची म्हणून. नव्वदची कॅसेट घेतली तर ४५ मिनिटांची बाजू, तिथं हिशोब आणखी चुकायचा. एकशेवीसची तर घेऊच नये, पट्टी इतकी पातळ की टेप खाऊनच टाकायचा.

मडगांवकार
आणि मग पेन्सिलने रीळ आत घ्यायचं.

बांद्रा_फास्ट
पेन्सिल नाही, पेन. पेन्सिल फिरायची नाही नीट.

तात्या_करवीर
सहा कोनी पेन्सिल दातऱ्यात बरोबर बसती. गुळगुळीत गोल पेन नुसतं घसरत बसणार. मुंबईकरांनी कॅसेट टेप केली असेल, गुंडाळलेली दिसत नाही.

बांद्रा_फास्ट
आम्ही करंगळीने करायचो, झालं समाधान? आणि रीळ म्हणजे शिवणाचं. कॅसेटमधली ती टेप. आता तर पोरांना रीळ म्हटलं की ती मोबाईलच पुढे करतात.

ओसरी
पॉपचा विषय निघालाच आहे तर सांगते, नाझिया हसनला चाली देणारा बिद्दू आणि १९९५ ला अलिशाच्या 'मेड इन इंडिया'ला चाल देणारा बिद्दूच. बंगलोरहून लंडनला गेलेला माणूस. म्हणजे तात्यांची ८२ ची कॅसेट आणि या आत्याबाईंच्या दादांची ९६ ची कॅसेट, दोन्हीत तोच बसलाय. आमच्या घरात आईने एक ऐकलं आणि मी दुसरं, दोघींनाही आपण फार वेगळं काहीतरी ऐकतोय असं वाटायचं.

शुद्धमती
चर्चा भरकटली आहे. मूळ प्रश्न ध्वनिफितीचा होता. आणखी एक, ती सगळी चोरीच होती हे कुणी बोलत नाही. मूळ कॅसेट विकत न घेता दुकानात नक्कल करून घेणे हा स्वामित्वहक्काचा भंग. 'भरून घेणे' हा त्या चोरीवर घातलेला गोड पदर आहे.

वऱ्हाडी_ठेचा
एक गाणं आवडते म्हणून दहा गाण्यांची कॅसेट घ्यायला पैसे कुठून आणावे शुद्धमतीताई? दहा कॅसेटींतून एक एक गाणं पाहिजे तर शंभर गाणी विकत घ्या, असं म्हणता का? लोकांनी एक गाणं सुटं मागितलं, कंपनीनं दिलं नाही, दुकानदारानं दिलं. पुढे इंटरनेटवर तेच झालं.

अर्धविराम
'सुटं गाणं'! हा शब्द आवडला. सुट्टे पैसे तसं सुटं गाणं. सुट्या गाण्यांची कॅसेट. आत्याबाई, हे बघा चालतंय का?

खारी_बिस्कीट
थांबा, सगळ्यांचे आभार, पण घरात वेगळंच निघालंय. काल व्हिडिओ कॉलवर दादाला हा धागा वाचून दाखवत होते, अर्धविराम यांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, भरली की भरून घेतली? तो ऐं ऐं करायला लागला. मग तात्यांचं ते तुटणारं अभंगाचं वाचलं तर एकदम खूष होऊन म्हणाला, "अगं आमच्यापण कॅसेटला दुसऱ्या बाजूला शेवटी आशाबाईंचं भावगीत होतं, निम्म्यात तुटायचं!" मी गप्पच झाले. ते भरतीचं नव्हतं. ते मी यादीत लिहिलं होतं, आईला आवडायचं म्हणून, शेवटी, आणि हिशोब चुकला म्हणून तुटलं. ती कॅसेट माझी होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, भाऊबीजेच्या पैशातून भरून घेतलेली. हरवली म्हणून मी धाकटीशी महिनाभर बोलत नव्हते, तिनेच नेली असं धरून. दादाने फक्त वरचं लेबल काढून नवं चिकटवलं आणि वहिनीला नेऊन दिली. अठ्ठावीस वर्षं तिकडे कपाटात आहे, वहिनीने जपून ठेवलीय, भाचीने तीवर लेख लिहिलाय. आता सांगा वाक्य काय करू. भरली नाही, भरून घेतली नाही, तयार तर अजिबातच केली नाही.

वऱ्हाडी_ठेचा
ढापली लिहा न ताई.

शुद्धमती
'ढापणे' दिवाळी अंकात शोभणार नाही. 'लांबवली' लिहा.

तात्या_करवीर
लांबवायची सायकल. बहिणीची कॅसेट ढापतातच.

जेन_झी_जोशी
काकू, पण मग मी म्हणालो ते बरोबरच झालं, दुसऱ्याची प्लेलिस्ट शेअर केली.

बांद्रा_फास्ट
वहिनींना सांगितलं का?

खारी_बिस्कीट
अंक छापून येऊ दे आधी. तोवर बाईंची संमिश्र ध्वनिफीत ठेवतेय, निदान त्यात कोण काय करतंय ते कळत नाही. धाकटीला मात्र फोन केला.

शुद्धमती
चांगला निर्णय. फक्त वर एका ठिकाणी तुम्ही 'कॅसेटी' लिहिलंय, आमच्याकडे अनेकवचन 'कॅसेटा' असं करतात. वीट, विटा.

तात्या_करवीर
भिंत, भिंती.