पेशीला स्वतःचा आरएनए आणि व्हायरसचा आरएनए वेगळा कळतो कसा?

बाळीवेसकर: एमएस्सी मायक्रोला आहे, सोलापुरातच. काल रात्री लाइट गेली म्हणून गच्चीवर मोबाइलच्या उजेडात इननेट इम्युनिटी (जन्मजात प्रतिकारशक्ती) वाचत बसलो होतो, एक गोष्ट काही केल्या डोक्यात शिरेना. आपल्या पेशीत आरएनए गच्च भरलेला असतो, मग व्हायरसचा आला की लगेच इंटरफेरॉन (व्हायरस आल्याचा इशारा देणारं प्रोटीन) सुटतं आणि स्वतःच्या आरएनएवर का नाही सुटत?

लॅबवाली_ताई: अरे फार छान प्रश्न आहे. आपल्या एमआरएनएच्या (प्रोटीन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या) पुढच्या टोकाला कॅप असते, टोपी घातल्यासारखी, बऱ्याच व्हायरसच्या आरएनएचं टोक मात्र उघडं असतं, तीन फॉस्फेट तसेच बाहेर, आणि रिग-आय नावाचं प्रोटीन नेमकं तेच पकडतं. लांब दुहेरी आरएनए असेल तर एमडीए५ नावाचं दुसरं प्रोटीन धरतं. एंडोसोममध्ये, म्हणजे पेशी बाहेरून आत घेते त्या गोष्टींच्या पिशवीत, टीएलआर ७ आणि ८ ही ओळखणारी प्रोटीनं पहाऱ्याला असतात ती वेगळीच.

सातरस्ता७७: यात कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांचं काम वाचच. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की आरएनएमधल्या युरिडीन या घटकाच्या जागी त्याचंच थोडं बदललेलं रूप, स्यूडोयुरिडीन, टाकलं की टीएलआर गप्प बसतात. त्याचाच मिथाइल लावलेला भाऊ पुढे कोविडच्या एमआरएनए लशींत आला, २०२३ ला नोबेल. वर्षानुवर्षं ग्रँट मिळत नसताना कारिकोबाईंनी हे सोडलं नाही, मला त्याचं फार वाटतं.

बाळीवेसकर: ताई, टोपीचं आत्ता डोक्यात बसलं! मग ही ओळखच चुकली तर?

लॅबवाली_ताई: चुकते ना. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) टीएलआर ७ स्वतःच्याच आरएनएवर पेटतं. माझ्या मावशीला आहे, गालावर तो लाल चट्टा, सोलापूरच्या उन्हात तर बाहेर पडणंच बंद. म्हणून तर मी या विषयात आले.