बाळाच्या हातात पहिल्यांदा काय दिलं? आपापले अनुभव सांगा बायांनो (आणि भाऊ लोकांनी पण)

कोहळ्याचं बोंड
काल आमच्या गल्लीत उष्टावण होतं. मामानं मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, आणि फोटो व्हायच्या आतच पोट्टीनं मामाच्या ताटातल्या वड्याला हात घातला. सगळ्या बाया एकदम ओरडल्या. मला माझी लेक आठवली, ती आता अमरावतीला होस्टेलला राहून मेसच्या नावानं बोटं मोडते.

तिला सहा महिने पूर्ण झाल्यावर मुगाची गिचगिचीत खिचडी सुरू केली. चमचा दिसला की मान फिरवायची. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या हातात दे ना माय काहीतरी, आपल्याले कोणी तोंडात कोंबलं त चालते काय?" मग कोहळ्याची (लाल भोपळ्याची) बोटाएवढी लांब फोड सालीसकट वाफवली, थंड करून दिली. तिनं मुठीत धरली, दाबली, बोटांच्या फटीतून सगळा गर बाहेर आणि मूठ उघडून बघते तर फोड गायब. परत मूठ बंद, परत उघडून बघणं. हातात उरलेली साल मी काढून घेतली तर माझ्यावरच चिडली. पोटात किती गेलं देव जाणे, कानात भरपूर गेलं. पण चमच्याशी भांडण तिथूनच मिटत गेलं. तुमच्याकडे काय काय झालं?

पऱ्हाटी
कानातलं कोहळं हाहा. आमच्याकडे नाकात वरण असायचं.
वरणावरून आठवलं, वरचं पाणी नका देऊ हो कोणी, डाळ खालीच राहते आणि लेकरू पाणी पिऊन पोट भरते. आमच्या अंगणवाडीच्या ताई चमचा तिरपा करून दाखवायच्या, टपकन सांडलं तर पातळ झालं म्हणायच्या. घट्ट वरण, त्यात मऊ भात हातानं कुस्करून, वरून थोडं तूप. मिक्सर नाहीच काढला मी, लाईट असते कुठं वेळेवर.

दर्यापूरचा मास्तर
भाऊ लोकांनी पण म्हटलं म्हणून लिहून राहिलो. कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या, बायको अन् आई दोघी वावरात, शाळेतून आलो की पोरगा माझ्याकडे. पिकलेली पपई द्यायचो, पण ती हातातून सटकायची आणि तो बोंबलायचा. मग फोड फुटाण्याच्या पिठात घोळवून द्यायला लागलो, पकड बरोबर बसते. केळाचं पण तसंच. शेजारची आजी मले पाहून म्हणे, मास्तर पपईले पावडर लावून राहिला.
अवांतर, तूर विकली का कोणी? का थांबायचं अजून?

सोले भाजी
मास्तर आम्ही थांबलो. घरात ठेवायला जागा नाही तरी थांबलो.

खामगावची सून
माझा प्रॉब्लेम सासरे. लई जीव नातवावर. रोज संध्याकाळी चौकातून येताना पाच रुपयाचं पाकीट, मसालेदार खाऊचं. लेकरू नऊ महिन्याचं. त्याला ते चोखायला देतात, मग घरचं कशाला गोड लागेल? वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नका सांगतात सगळे, इथं तर मीठ, तिखट, रंग सगळंच. काही बोललं की "आमच्या पोरायले नाही झालं काही." अहो तुमच्या वेळी पाकीट होतं का पण!

पऱ्हाटी
@खामगावची सून घरोघरी मातीच्या चुली गं बाई. आम्ही बाबांनाच कामाला लावलं. संत्र्याच्या फोडीची पातळ साल सोलायची, बी काढायची, बारीक तुकडे करून नातवाला भरवायचे. एका संत्र्याला अर्धा तास जातो त्यांना, पाकीट विसरले.

खामगावची सून
हे करून बघते!! संत्री आहेतच घरात.

सिस्टरताई
नमस्कार, मी उपकेंद्रावर एएनएम (नर्स) आहे, ड्युटीवर आहे म्हणून पटकन लिहिते, चुकीचं टाईप झालं तर समजून घ्या. तुमच्या सगळ्यांच्या वाफवलेल्या फोडी छान आहेत, अंगठा आणि बोटात धरून सहज चेपलं गेलं तर द्यायला हरकत नाही. सहा-सात महिन्याचं बाळ पूर्ण मुठीत धरतं म्हणून लांब फोड, मुठीबाहेर थोडी उरली पाहिजे. नऊच्या आसपास चिमटीत उचलायला लागलं की मग बारीक तुकडे.

मला भीती फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची), फुटाण्याची, लाह्यांची, बोराच्या आणि सीताफळाच्या बियांची. अख्खे दाणे पाच वर्षाच्या आत नकोच, कूट करून भातात घाला ना. आणि ताटातलं तर आपण बघतो हो, पण हंगामात ओसरीत सोयाबीन, तूर, हरभरा सांडलेला असतो आणि रांगतं बाळ तेच वेचतं. पोत्याजवळ बाळाला सोडूच नका.

ओकारीसारखं करून, खोकून, लाल होऊन बाळ स्वतःच घास बाहेर काढत असेल तर काढू द्या, ते शिकतंय. आवाजच बंद झाला, रडता येत नाही, ओठ निळे पडताहेत, तर घास अडकला. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, जबडा हातानं धरून, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबायचं, परत थापा. दुसऱ्या माणसानं तेवढ्यात १०८ लावायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, आणखी आत जातं. आणि बाळाला निजवून किंवा पाळण्यात खाऊ देऊ नका, बसवून द्या, जवळ कोणीतरी बसा.

दर्यापूरचा मास्तर
सिस्टर हे पालक सभेत वाचून दाखवतो, चालेल ना?

सिस्टरताई
वाचा सर. वाचण्यापेक्षा बाहुलीवर करून दाखवा, नाहीतर मलाच बोलवा.

भंडाऱ्याची मामी
आमच्याकडं धानाचा भाग जी, भात त मिळतेच लेकराले. पण माझी आजी तळ्यातली मासोळी चारे. उकडलेल्या मासोळीचा एकेक पदर चिमटीत चोळून पाहे, काटा लागला का बाजूले, मग दुसऱ्या हातानं परत चोळे, तवा कुठं लेकराच्या तोंडाशी जाय. तिले डोळ्यानं बरोबर दिसत नव्हतं तरी एक काटा सुटत नसे. मले अजून तसं जमत नाही, म्हणून मी अंडं उकडून देतो. सहा महिन्यानंतर चालते म्हणाले डॉक्टर, आधी थोडंसंच द्या म्हणाले, अंगावर काही उठते का पाहा, मग वाढवा.

धारणी
मेळघाटातून. इथे कुटकीचा (बारीक भरडधान्य) भात मऊ शिजवून त्याचे छोटे लांबुळके गोळे करतात, बाळ एकेक उचलते. अंगणवाडीतलं पोषण आहाराचं पाकीट बऱ्याच घरी बकरीला जाते असं ऐकलं असेल, खरं आहे. नुसतं पाण्यात कालवलं तर आपल्याला तरी जाईल का? तूप घालून भाजा, पिकलेलं केळ कुस्करून टाका आणि तव्यावर जाडसर धिरडं लावा, पट्ट्या कापून द्या. माझी दोन्ही त्यावरच वाढली.

नवीन आई
घरात सगळे म्हणतात भाकरीला मध लावून दे, दात येतात लवकर. देऊ का? सात महिने.

सिस्टरताई
नको!! वर्षाच्या आत मध अजिबात नाही, घुटीत पण नाही, बोटाला लावून पण नाही. त्यातल्या जंतूनं बाळ लुळं पडू शकतं. दात आपल्या वेळेवर येतात, दुधात किंवा पातळ वरणात भिजवलेली मऊ भाकर द्या.

पऱ्हाटी
आणि गूळ पण नको आत्ता, विचारायच्या आधीच सांगते, पुढचा प्रश्न तोच असतो सगळ्यांचा.

नवीन आई
हाहा तोच होता ताई. थँक्यू.

खामगावची सून
अपडेट. सासऱ्यांनी संत्रं सोललं. फोडी स्वतःच खाल्ल्या. म्हणे टेस्ट करून पाहत होतो, आंबट असली त पोट्टं रडन ना. शेवटची फोड नातवाला मिळाली, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि परत हात पुढे. पाकीट खिशातच राहिलं आज.

कोहळ्याचं बोंड
हे वाचून इतकी हसले की आमचे हे विचारून राहिले काय झालं. @सोले भाजी तुझ्या नावावरून विचारायचंच होतं, सोल्याच्या (तुरीच्या ओल्या दाण्यांच्या) भाजीत तू सोले परतून वाटतेस का कच्चेच? माझी भाजी हिरवी राहत नाही.

सोले भाजी
थोड्या तेलात परतायचे, अर्धे भरडायचे, अर्धे अख्खे. झाकण ठेवायचं नाही. सांभार (कोथिंबीर) उतरवल्यावर. आणि लहान्यासाठी तिखट टाकायच्या आधी सगळे सोले बारीक वाटून वाटीभर वेगळं काढायचं, आमच्या घरी ती वाटी नेहमी त्याचा बापच संपवते.

दर्यापूरचा मास्तर
बाप बदनाम. तुरीचं सांगा कोणीतरी.