जात, जमीन आणि प्रतिकार या विषयांवरील चित्रप्रदर्शन ठाण्यात भरवायचे आहे : भिंतीवर मजकूर किती असावा?

कळवेकर

नमस्कार. कळवा आणि खारेगाव परिसरातील आमचे एक छोटे वाचनमंडळ आहे. येत्या हिवाळ्यात काही तरुण चित्रकारांच्या कामाचे एकत्रित प्रदर्शन भरवावे, असे आम्ही ठरवले आहे. जात, वस्तीतील घर आणि प्रकल्पांसाठी गेलेल्या जमिनी हे त्यांच्या चित्रांचे विषय आहेत. बहुतेक चित्रकार दिवा, मुंब्रा, ऐरोली या भागांतलेच असून त्यांनी जे रंगवले आहे ते त्यांच्या घरातले आहे. जागेसाठी कापूरबावडीचे ठाणे कला भवन आमच्या डोळ्यासमोर आहे, आणि दुसरा पर्याय म्हणून एका वस्तीतील समाजमंदिराचा विचार चालू आहे.

तयारीच्या बैठकीत मात्र मोठा मतभेद झाला. काहींचे म्हणणे असे की, प्रत्येक चित्राशेजारी त्यामागची घटना, तिचे वर्ष आणि तिचे कारण सविस्तर लिहिले पाहिजे, नाहीतर पाहणारा रंग पाहून निघून जाईल. त्यावर दोन चित्रकारांनी स्पष्ट सांगितले की, एवढा मजकूर लावायचा असेल तर चित्रांची गरजच उरत नाही, पत्रके वाटावीत. आणखी एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की, हे सगळे वर्तमानपत्राचे विषय आहेत, यात कला नेमकी कुठे आहे? हा प्रश्न त्यांनी हेटाळणीने विचारला नव्हता, म्हणूनच त्याचे नीट उत्तर देता यावे असे मला वाटते.

ज्यांनी अशी प्रदर्शने पाहिली किंवा भरवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रंगरेषा

मी ठाण्यात चित्रकला शिकवते. आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला ठाण्याबाहेर जाण्याची गरज नाही, कारण चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंज घेतली आहे. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले आणि त्याच काळात रेल्वेचे प्रवासी, इराणी हॉटेलात बसलेला माणूस, बांधकामावरचे मजूर, पोखरण रस्त्यालगतचे बदलत जाणारे डोंगर आणि वस्त्या हे सारे रंगवले. ज्या माणसांकडून आपल्याला चित्र मिळते, त्या माणसांना त्या चित्रात स्वतःची ओळख पटली पाहिजे, ही त्यांची फार जुनी भूमिका आहे.

१९८१ मध्ये मुंबई आणि दिल्ली येथे झालेल्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि नलिनी मलानी यांच्यासोबत पटवर्धनही होते. त्या प्रदर्शनाने अमूर्त चित्रांच्या ऐन भरात माणसाला आणि त्याच्या परिसराला पुन्हा चित्राच्या मध्यभागी आणले. त्यांचे २००१ मधील 'लोअर परळ' पाहिले, तर गिरण्यांची धुराडी आणि त्यांच्याशेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती एकाच चौकटीत दाटलेल्या दिसतात. गिरणी संप कधी झाला, किती माणसे बेकार झाली, यातले एक अक्षरही त्या चित्रात नाही, तरी हे शहर कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले ते कळते. वर्तमानपत्रातील बातमी आपल्याला घटना सांगते, तर हे चित्र आपल्याला त्या दृश्यासमोर उभे करते आणि कुठे पाहायचे ते आपल्यावर सोपवते. कला कुठे आहे, या प्रश्नाला मी तरी तिथेच बोट दाखवीन.

आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. २००८-०९ च्या सुमारास पटवर्धन यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील वेगवेगळ्या शहरांत नेले होते. मूळ कलाकृती मुंबईबाहेरच्या माणसाच्या समोर गेल्या पाहिजेत, हा आग्रह त्यामागे होता. त्यामुळे समाजमंदिराचा पर्याय आपण दुय्यम मानू नये. प्रकाश नीट आणि चित्रे डोळ्यांच्या उंचीला असली, तर जागा कोणतीही चालते.

निळी_शाई

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण जातीच्या प्रश्नावरची कला फक्त चौकटीतल्या चित्रांत पाहिली तर गेल्या पंधरा वर्षांतले बरेच काही निसटून जाईल. या कलावंतांनी माध्यमच बदलले आहे आणि त्यांचा प्रतिकार त्या माध्यमातच आहे.

राज्यश्री गुडी यांचे उदाहरण घ्या. त्यांनी मनुस्मृतीच्या छापील प्रतींचा लगदा करून त्यापासून कलाकृती घडवल्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे दहन झाले, त्याचे चित्र त्यांनी काढलेले नाही, तर कागदाचे पुन्हा कागदातच रूपांतर केले आणि त्यावरचे लिखाण मात्र नाहीसे केले. दलित आत्मकथनांत येणाऱ्या अन्नाच्या उल्लेखांना त्यांनी पाककृतींचे रूप दिले, आणि ते वाचताना भूक हा जातिव्यवस्थेचा केवढा मोठा भाग होता हे पोटातून कळते. कोल्हापूरच्या मातीतून आलेले प्रभाकर कांबळे मडक्यांवर मडकी रचून 'उतरंड' नावाची शिल्पे उभी करतात. सर्वांत खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार असतो आणि ते हलले तर वरचे एकही टिकत नाही, हे पाहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. आपल्याकडे प्रत्येकाच्या आजीच्या घरात अशी रचना होती, त्यामुळे ठाण्यातल्या प्रेक्षकाला ते बर्लिनच्या प्रेक्षकापेक्षा लवकर भिडेल. (बर्लिनचा उल्लेख मुद्दाम केला, कारण २०२२ च्या बर्लिन बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात कांबळे यांचे काम होते. त्याच वर्षी जर्मनीतल्याच कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात मुंबईचे अमोल पाटील यांनी चाळ, सफाई कामगार आणि आजोबांकडून आलेला पोवाडा यांवर उभारलेले काम मांडले. जर्मनीत जे पाहिले गेले, ते कळव्यातल्या माणसाला पाहायला मिळू नये याची मला मनापासून खंत वाटते.)

म्हणून माझे मत असे आहे की, मजकूर अगदी थोडा ठेवावा : चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम आणि ते माध्यम कुठून आले एवढेच. पोत्याचे कापड असेल तर ते कोणत्या गोदामातले, माती असेल तर कोणत्या गावातली, हे जरूर लिहावे. अर्थ मात्र लिहू नये.

खाडीकाठ

मी प्रकल्पग्रस्त कुटुंबातला आहे, त्यामुळे जमिनीच्या विषयावर थोडे लिहितो.

१९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडी यांवर जगणारा आगरी आणि कोळी समाज आपल्याच गावात 'प्रकल्पग्रस्त' या शिक्क्याने ओळखला जाऊ लागला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. हा इतिहास आमच्या घराघरांत आहे, पण शाळेच्या पुस्तकात नाही आणि कलादालनात तर जवळजवळ नाहीच.

त्यामुळे 'अर्थ लिहू नये' हे मला अर्धेच पटते. उतरंड सगळ्यांना ठाऊक असते, पण जासई सगळ्यांना ठाऊक नाही. सीवूड्सच्या एखाद्या इमारतीत वाढलेल्या मुलाला आपल्या पायाखाली कोणाची शेती होती हे कोणीही सांगितलेले नसते, आणि त्याच्यासमोर नुसते रिकाम्या बांधाचे चित्र ठेवले तर त्याला ते निसर्गचित्र वाटेल.

दुसरे म्हणणे अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांना केवळ पाहायला बोलावू नका, मांडणीत घ्या. ठाण्यात याचे फार चांगले उदाहरण आहे. चेंदणी कोळीवाड्यातील पराग तांडेल आणि कादंबरी कोळी-तांडेल यांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' या नावाने कोळी समाजाच्या वस्तू, स्मृती आणि खाडीविषयीचे ज्ञान जपण्याचे काम सुरू केले आहे. पराग बडोद्याला शिल्पकला शिकून आले, पण त्यांच्या कामाचा विषय आपला कोळीवाडा आणि आपली खाडीच राहिली. समाजातल्याच माणसाने संग्रह केला की कोणती वस्तू दाखवायची आणि कोणती घरातच ठेवायची, हा निर्णयही समाजाकडे राहतो. बाहेरून आलेल्या माणसाने आमच्या दुःखाचे फोटो लावले आणि उद्घाटनाला आम्हाला शेवटच्या रांगेत बसवले, असे मी पाहिले आहे. तुमच्याकडून तसे होणार नाही असे वाटते, तरीही सांगून ठेवतो.

चित्रांबरोबर जुने सातबारे, संपादनाच्या नोटिसा आणि गावकीचे फोटो मागवा. लोक ते देतील, मात्र मूळ प्रत कोणाचीही घेऊ नका, छायाप्रतच लावा.

जुनी_वाचक

एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधते. अशा प्रदर्शनावर आक्षेप येऊ शकतो, याची तयारी आधीच करावी. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्या जहांगीर कलादालनातील प्रदर्शनातून दोन चित्रे काढण्यास पोलिसांनी सांगितले. त्यांनी नकार दिला, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. १९९३ मध्ये 'सहमत' या संस्थेच्या 'हम सब अयोध्या' प्रदर्शनावर फैजाबादला हल्ला झाला. दशरथ जातक या रामकथेच्या बौद्ध रूपातील कथेचा उल्लेख असलेला एक फलक हे त्याचे निमित्त होते, म्हणजे वाद चित्रावरून नव्हे तर मजकुरावरून पेटला. ज्यांना भिंतीवर सविस्तर लिहायचे आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे, आणि लिहिलेल्या प्रत्येक वाक्याचा आधार हाताशी ठेवावा.

जागेच्या अर्जात विषय स्पष्ट लिहा, तो लपवू नका. एखादे काम उतरवावे असा दबाव आला, तर त्या चित्रकाराला विचारल्याशिवाय ते उतरवायचे नाही, हे मंडळाने उद्घाटनापूर्वीच ठरवून घ्यावे. ऐन वेळी भांबावलेली माणसे नको ते निर्णय घेतात.

कळवेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'खाडीकाठ' यांच्या सूचनेनुसार मांडणीच्या समितीत वस्तीतील दोघांना आणि प्रकल्पग्रस्त गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीला घेण्याचा प्रस्ताव मी पुढील बैठकीत ठेवणार आहे. समाजमंदिराकडे माझा कल आता वाढला आहे. एकच अडचण राहते. आमच्याकडील एका चित्रकाराची मुद्राचित्रे पेशवाईतील अस्पृश्यतेवर आहेत आणि त्यांत गळ्यात मडके, कमरेला झाडू असलेली माणसे आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी ते भोगले त्यांच्याच वस्तीत ही चित्रे लावताना शेजारी काय लिहावे, हे मला सुचत नाही.

रंगरेषा

नागपूरचे सवी सावरकर यांनी हीच प्रतिमा अनेकदा मुद्राचित्रांत आणली आहे, आणि त्यांच्या रेषेत दयेचा लवलेशही नसतो. ती माणसे वाकलेली असली तरी पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवतात. तुमच्या चित्रकाराची रेषाही तशी असेल तर वस्तीत ती लावायला संकोच करण्याचे कारण नाही. ती करुणा मागणारी असेल, तर मात्र त्याच्याशी आधी बोलावे.

मजकुराबाबत मला वाटते, 'निळी_शाई' आणि 'खाडीकाठ' या दोघांचेही म्हणणे पाळता येईल. चित्राशेजारी फक्त नाव, वर्ष आणि माध्यम ठेवा. महाड, जासई, नामांतर अशा घटनांची थोडक्यात माहिती मराठीत एका घडीपत्रकावर छापून दाराशी ठेवा आणि त्याचा टाइप मोठा ठेवा, कारण ते वाचणाऱ्यांत वयस्कर माणसे बरीच असतील. मुद्राचित्रांशेजारी काय लिहायचे ते मात्र मंडळाने ठरवू नये. चित्रे लागण्यापूर्वी एका संध्याकाळी ती वस्तीतील लोकांसमोर टेबलावर मांडा, चित्रकाराला तिथे बसवा, आणि ते काय म्हणतात ते त्यांच्या परवानगीने लिहून घ्या. त्यातूनच मजकूर तयार होईल, आणि काही लिहूच नये असे त्यांचे मत पडले तर जागा कोरी ठेवावी.