'क्वीन' क्रियापद म्हणून आलं तर मराठीत काय म्हणायचं?

विषय बघून निर्णय घ्या, 'राणी करणे' असं सरसकट ठोकू नका. बुद्धिबळात 'टू क्वीन अ पॉन' म्हणजे प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याच्या जागी क्वीन घेणं, पण आपल्याकडे त्या सोंगटीला वजीर म्हणतात, म्हणून 'प्याद्याचा वजीर केला' हेच बरोबर. आणि जुनं नाव खरंतर आपलंच, अरबी-फारसी खेळातही तो वजीरच होता, युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली, आणि ती आजच्यासारखी पटभर धावायला लागली १५व्या शतकाच्या शेवटी. (एका राजाला एकदम दोन क्वीन हा घोळही वजीरामुळे आपल्याकडे होत नाही!) प्याद्याचा घोडा केला तर मात्र त्याला क्वीनिंग म्हणत नाहीत, तिथे 'प्रमोशन' हा व्यापक शब्द.

बऱ्याच जणांना माहीत नसतो तो मांजरांचा अर्थ. व्यायला योग्य मांजरीला इंग्रजीत क्वीन म्हणतात, त्यामुळे 'द कॅट क्वीन्ड लास्ट नाइट' म्हणजे मांजर काल रात्री व्याली, बस्स. इथे कोणी राणीबिणी घातली तर वाचणारा हसेल.

मधमाशीपालनात 'रीक्वीन' जास्त ऐकू येतो, म्हणजे म्हातारी किंवा कमी अंडी घालणारी राणी काढून वसाहतीत नवी देणे. वसाहत बरेच दिवस राणीविना राहिली तर कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात, पण त्यातून फक्त नर निपजतात आणि मग वसाहत संपतेच, म्हणून हा शब्द मधमाशी पाळणाऱ्यांत रोजचा. मराठीत 'राणी बदलणे' पुरे.

राहिला 'टू क्वीन इट', म्हणजे तोरा मिरवणे. 'घरात महाराणीसारखी वावरते' यात सगळं येतं, जोडीला 'लॉर्ड इट ओव्हर' आहेच, त्याला आपलं 'रुबाब झाडणे'.

आपल्याकडे लाथेचं लाथाडणे होतं, हाताचं हाताळणे होतं, पण राणीचं 'राणावणे' काही झालं नाही, आणि मुद्दाम करूही नये असं माझं मत. कॅरममध्येसुद्धा राणी 'घेतात' आणि तिला कव्हर देतात, कव्हर हुकलं की ती परत बोर्डावर.