सिस्टर हसत नाहीत म्हणे!

नाईट_ड्यूटी: ‘पेठेतला पेन्शनर’ यांचा कालचा धागा वाचून राहवलं नाही. काकू चार दिवस अ‍ॅडमिट होत्या, बेल वाजवली की सिस्टर उशिरा येतात, कपाळाला आठ्या, ‘पूर्वीची सेवावृत्ती राहिली नाही’ वगैरे. काका, नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल वॉर्डात ५ पेशंटना १ नर्स असा आहे. मी रात्री अठरा बघते, जोडीला एक शिकाऊ मुलगी. एकाचं सलाइन संपत आलेलं, दुसऱ्याचा पंप ओरडतोय, तेवढ्यात तिसऱ्याचे नातेवाईक एसी कमी करायला बोलावतात. सकाळी हँडओव्हरच्या आत फायली लिहून हव्यात, त्या वेगळ्याच. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं, पन्नासच्या आतल्या खाटा असतील तरी किमान २०,००० पगार, दोनशेच्या वर असतील तर सरकारी नर्सइतका. कुठे मिळतो?

तीस_खाटा: त्या शिफारशी आहेत ताई, कायदा नव्हे. आमच्यासारख्या छोट्या हॉस्पिटलांची विम्याची बिलं महिनोन् महिने अडकतात, ते कोणी लिहीत नाही. आणि मुलगी हाताखाली तयार झाली की चालली आखातात.

नाईट_ड्यूटी: म्हणून ओरिजिनल सर्टिफिकेटं कुलपात ठेवायची का? माझ्या पहिल्या हॉस्पिटलने ठेवली होती. बाबा जाऊन हात जोडून आले, तेव्हा सुटली.

वॉर्डातला_ब्रदर: पगार राहू द्या, आधी ड्यूटी लिस्टचं बोला. इनचार्जच्या मर्जीतल्यांना रविवारचा ऑफ, आणि आमचं लग्न झालेलं नाही म्हणून नाईट आमच्याच गळ्यात. अनंत चतुर्दशीला डबल ड्यूटी केली, कारण पुढच्या शिफ्टची माणसं विसर्जन मिरवणुकीमुळे लक्ष्मी रस्त्यापलीकडे अडकलेली.

सईची_आई: पोर तापाने फणफणलेलं असताना नाईट करून बघा दादा, मग मर्जी काढा. मीही नर्सच आहे.

वॉर्डातला_ब्रदर: माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. ते घर नाही वाटतं?

पेठेतला पेन्शनर: मुळात ती मिरवणूकच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत का चालावी? ढोलांनी आमच्या काचा थरथरतात.

ताशा_तर्री: आलंच! डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा हे काका कुठे असतात? आम्ही दोन महिने नदीपात्रात सराव करतो, फुकट.

पेठेतला पेन्शनर: सरावाचाच तर वैताग! संध्याकाळी बातम्या ऐकू येत नाहीत.

ताशा_तर्री: मग कान शाबूत आहेत म्हणायचे. अभिनंदन.

सईची_आई: आमच्या आयसीयूच्या खिडकीखाली ‘फक्त एक आवर्तन’ म्हणून वीस मिनिटं वाजवलं होतं. पथकच होतं ते, डीजे नव्हे.

ताशा_तर्री: ते चुकीचंच. पण सगळ्या पथकांना एका मापात मोजू नका.

पेठेतला पेन्शनर: बरं, अठरा पेशंट म्हणजे जास्तच, हे मान्य. तरी माणसाने गोड बोलायला पैसे पडत नाहीत.

नाईट_ड्यूटी: तुमच्या सौंना विचारा, पहाटे चारला बेडपॅन कोणी दिलं आणि कुरकुर न करता दिलं का. असो. ढोल वाजवून झाले असतील तर तीस_खाटा यांना साधा प्रश्न. तुमच्याकडे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या सिस्टरला हातात किती मिळतात?

तीस_खाटा: शहर बघून ठरतं.

नाईट_ड्यूटी: शहर पुणेच आहे ना? आकडा सांगा.

तीस_खाटा: सोळा. जेवण वेगळं देतो.