वर्गातून विकिपीडियाकडे : विदर्भातील खेड्यांतले अनुभव

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, म्हणजे आज अकरावी-बारावीत शिकणारी मुले जन्मली तेव्हा तो होताच. तरीही आपल्या तालुक्यांतील मुलांनी त्यावर लिहावे ही कल्पना शाळा-महाविद्यालयांच्या प्रकल्पवहीत शिरली ती बऱ्याच उशिरा. अशा उपक्रमांविषयी जे छापून येते ते बहुधा उद्घाटनाच्या छायाचित्रासह येते आणि तिथेच संपते. मुलांनी लिहिलेला मजकूर टिकला का, कोणी बदलला, कोणी हटवला, कोणत्या कारणाने हटवला आणि मुलांनी त्यावर काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही. या धाग्यात तेवढेच सांगावे अशी विनंती आहे. शाळेचे आणि विद्यार्थ्यांचे नाव लिहू नये; तालुका किंवा जिल्हा पुरे.

मराठीच्या अध्यापिका, कनिष्ठ महाविद्यालय, दर्यापूर तालुका

आमच्या अकरावीच्या गटांनी आपापल्या गावाचा लेख निवडला. बहुतेक गावांचे लेख आधीपासून होते, पण सगळे एकाच साच्यातले: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा, जवळपासची गावे. हवामानाखालची वाक्ये तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला लागू पडावीत अशी. "मॅडम, यात आपलं गाव कुठे आहे?" असे एका मुलीने विचारले आणि कामाला खरी सुरुवात झाली.

आमचा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. मुलांनी लिहिले की विहिरीचे पाणी खारट असते, ते पिकाला दिले तर जमीन चोपण होते, म्हणून पावसावर आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर कापूस, तूर, हरभरा ही पिके घेतली जातात. सगळे खरे होते आणि सगळ्या वाक्यांपुढे लवकरच 'संदर्भ हवा' असा शिक्का बसला. मुले दुखावली. ज्या विहिरीचे पाणी आपण चाखले आहे तिच्याबद्दल कागद कशाला दाखवायचा, हा त्यांचा प्रश्न मला आजही गैर वाटत नाही. मात्र वाचणारा पुण्याचा की परदेशातला हे आपल्याला ठाऊक नसते आणि त्याला आपली विहीर दिसत नाही, एवढे त्यांना पटले.

मग शोध सुरू झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अहवाल, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची प्रकाशने आणि २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका हे तीन आधार हाती लागले. ते वाचताना मुलांच्याच लक्षात आले की आपण लिहिलेले बरेचसे एका गावापुरते नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या पट्ट्याविषयी ते आहे. तो मजकूर खारपाणपट्ट्याच्या स्वतंत्र लेखाकडे नेला आणि गावाच्या लेखात त्याचा दुवा ठेवला. आपले कोणते वाक्य गावाचे आणि कोणते प्रदेशाचे हा विवेक मला निबंधलेखनाच्या तासाला कधीच शिकवता आला नव्हता. गुण मी लेखाच्या लांबीला दिले नाहीत, तर प्रत्येक वाक्याचा आधार कुठे सापडला याच्या नोंदवहीला दिले.

माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षक, घाटंजी तालुका

मी फक्त व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण त्या आधी कोणी सांगत नाही. एकाच इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. संगणक कक्षात सातव्या मुलाला नकार आला की वर्गाला वाटते संकेतस्थळ बंद पडले. त्यामुळे मुलांनी घरी, मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवर, आधीच खाती उघडून यावीत. किंवा ही मर्यादा ज्यांना लागू नाही अशा अनुभवी सदस्याची मदत घ्यावी. वापरकर्तानावात खरे नाव, शाळा किंवा दूरध्वनी क्रमांक नसावा. केलेले प्रत्येक संपादन पानाच्या इतिहासात त्या नावासह कायम दिसत राहते.

भारनियमनाचा भरवसा नसल्याने मसुदा धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या स्वतःच्या सरावाच्या पानावर, लिहून थोड्या थोड्या वेळाने जतन करावा. वाचनासाठी किविक्स या मोफत सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडियाची प्रत उतरवून ठेवली की जोडणीविनाही काम चालते. टंकलेखनासाठी विकिपीडियाच्या पानावर कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की देवनागरी सुरू-बंद होते. एक खोच मात्र आमच्याच प्रदेशाच्या वाट्याला आली आहे: 'वऱ्हाड' मधला र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि असलेल्या लेखाचा दुवाही लाल, म्हणजे लेख नसल्यासारखा, उमटतो.

पालक आणि माजी ग्रामपंचायत सदस्य, बाळापूर तालुका

माझ्या मुलीच्या गटाने गावाचा लेख सुधारला, हे कळताच गावात 'प्रतिष्ठित व्यक्ती' असे उपशीर्षक घालून त्याखाली आपापली नावे टाकण्याची चढाओढ लागली. दोन्ही पॅनेलच्या माणसांनी एकमेकांची नावे पुसली. मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी कोणाचीच बाजू न घेता चर्चापानावर लिहिले की ज्या व्यक्तीविषयी स्वतंत्र प्रकाशनात लिहून आलेले नाही तिचे नाव येथे राहणार नाही. त्यांनी माझेही नाव काढले. घरात दोन दिवस मी गप्प होतो, पण नियम सगळ्यांना एक होता, हे मान्य करावे लागते.

ग्रंथपाल, 'क' वर्ग सार्वजनिक वाचनालय, अमरावती जिल्हा

आमच्याकडे मुले येतात ती स्पर्धा परीक्षांची पुस्तके मागायला. प्रकल्प सुरू झाल्यावर प्रथमच कोणी जुने गॅझेटिअर मागितले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातले ज्ञानकोशाचे खंड खाली आले. या ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शिक्षण अमरावतीत झाले होते, हे मुलांना सांगितल्यावर त्या जाड पुस्तकांविषयीची त्यांची भीती थोडी कमी झाली.

येथे प्रताधिकाराचा प्रश्न प्रत्यक्ष समजावता आला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर प्रताधिकार राहतो. केतकर १९३७ मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी १९९८ पासून मुक्त आहे. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. तो आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, पण वाचायला मोफत असलेले उचलायलाही मोकळे असते असे नाही. विश्वकोश वाचून समजून घ्यावा, आपल्या शब्दांत लिहावे आणि संदर्भ म्हणून त्याचे नाव द्यावे.

मुक्त असलेल्या जुन्या ग्रंथाचाही एक धोका आहे. एका गटाने ज्ञानकोशातील गावाची लोकसंख्या 'आहे' या क्रियापदासह उतरवली. ती शंभर वर्षांपूर्वीची होती. जातींविषयीचे जुने शेरे तर तपासल्याशिवाय पुढे नेऊच नयेत. वर्ष लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, असा नियम त्यानंतर मुलांनीच केला.

बी. ए. चा विद्यार्थी, देसाईगंज तालुका

आमच्या गटाने झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातील, रंगभूमीचा लेख घेतला. वडसा (देसाईगंज) हे या नाटकमंडळ्यांचे केंद्र, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आम्ही एका नाटकाच्या फलकाचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलवर काढून विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर चढवले आणि ते हटवले गेले. छायाचित्र आमचे होते, पण फलकावरचे चित्र आणि मांडणी ज्याने केली त्याचा हक्क त्यात राहतो, असे उत्तर मिळाले. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या पुतळ्याचे किंवा इमारतीचे छायाचित्र कायद्याने चालते; छापील फलकाचे चालत नाही. मग आम्ही रिकाम्या मंडपाचे आणि रंगमंच उभारणीचे छायाचित्र घेतले, ते राहिले.

मजकुराची अडचण वेगळी होती. मंडळीने स्वतःच्या जाहिरातीत आपण किती प्रयोग केले असे छापले असेल तर तो स्वतंत्र आधार मानला जात नाही. वृत्तपत्रांच्या नागपूर आवृत्त्यांत आणि नाट्यविषयक संशोधनात जे सापडले तेवढेच ठेवले. नाटकाच्या एका जुन्या नटाने आम्हाला खूप काही सांगितले. त्यातले एकही वाक्य लेखात घेता आले नाही.

मराठी विकिपीडियाचे जुने संपादक, मूळचे वाशीम जिल्ह्यातील

आता दुसऱ्या बाजूने लिहितो. वर्ग सुरू झाला की 'अलीकडील बदल' या पानावर ते लगेच कळते: एकाच तासात एकसारखी नवी खाती, एकसारखे लेख, आणि त्यातले अर्धे कुठल्या तरी संकेतस्थळावरून जसेच्या तसे उचललेले. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्लिश विकिपीडियासाठी असा उपक्रम घेतला होता. प्रताधिकारभंग करणारा मजकूर इतका आला की त्याच वर्षी तो उपक्रम थांबवावा लागला आणि साफसफाईचे ओझे मुख्यतः स्वयंसेवकांवर पडले. त्या विद्यार्थ्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. आपल्या परीक्षापद्धतीत पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. त्याच सवयीला इथे एकाएकी गुन्हा म्हटले गेले.

दर्यापूरच्या मॅडमांनी गुण नोंदवहीला दिले, ते फार योग्य केले. 'लेख टिकला तर गुण' अशी अट घातली की मुले हटवलेला मजकूर पुन्हा पुन्हा टाकतात आणि शेवटी प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांना, खाते रोखावे लागते. शिक्षकांनी उपक्रमाची सूचना आधी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, द्यावी, खात्यांची यादी एका पानावर ठेवावी आणि मुलांना नवा लेख न देता असलेल्या लेखात एक परिच्छेद किंवा चार संदर्भ भरायला सांगावे. नवा लेख दिमाखदार दिसतो, पण संदर्भांनी भरलेल्या चार ओळी आम्हाला अधिक हव्या असतात.

आश्रमशाळेतील शिक्षक, धारणी तालुका

आमची मुले घरी कोरकू बोलतात. मराठी त्यांची शाळेची भाषा. लेख लिहिण्याचा आग्रह धरला असता तर प्रकल्प शुद्धलेखनातच संपला असता. म्हणून त्यांनी वनस्पतींची छायाचित्रे काढली, विज्ञानाच्या शिक्षकांनी शास्त्रीय नावे तपासली आणि ती कॉमन्सवर चढवली. मेळघाटातल्या झाडांच्या लेखांत त्यातली काही चित्रे आज वापरात आहेत.

भूगोलाच्या शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका

आमचा विषय होता गावचा मालगुजारी तलाव, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या ताब्यातला जुना तलाव. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे तलाव मोठ्या संख्येने आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले कित्येक बांधले. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला हा भाग मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, आणि म्हणूनच सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. एवढ्याला भक्कम संदर्भ मिळाले.

त्यापुढे अडले. तलावाच्या पाळीतले तुडुम (पाणी सोडण्याचे दार) कोणी उघडायचे, धानाच्या कोणत्या बांधीला (खाचराला) पाणी आधी जायचे, उन्हाळ्यात मासेमारी कोणी करायची, याचे गावाचे नियम म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होते. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी सुचवले की हे सगळे जुन्या जमीन-महसूल बंदोबस्ताच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रीतिरिवाजांच्या नोंदीत, लिहिलेले असेल, आणि खरोखरच होते. पण तो अप्रकाशित सरकारी दस्तऐवज. आम्ही तो वाचून त्यातून निष्कर्ष काढणे म्हणजे मूळ संशोधन, आणि विकिपीडियात त्याला जागा नाही, असे चर्चापानावर सांगण्यात आले. मला हा नियम पटतो आणि त्याच वेळी सलतो. ज्या गावांविषयी कोणी पुस्तक लिहिले नाही, त्यांच्या वाट्याला साच्यातले हवामानच येणार. मुलांनी मुलाखती लिहून ठेवल्या आहेत. कोणा अभ्यासकाने त्यांवर लेख छापला तर तो संदर्भ होईल. तोवर त्या वह्या शाळेच्या कपाटात आहेत.

मध्यंतरी एक गंमत झाली. एका वृत्तपत्रात आमच्या तलावावर लेख आला आणि वर्गाला वाटले की अखेर संदर्भ मिळाला. दुसऱ्याच परिच्छेदात एका मुलीला स्वतःचे वाक्य दिसले, तेही तिच्या खास विरामचिन्हांसह. वार्ताहराने आमचा लेखच वापरला होता. तो संदर्भ म्हणून द्यायचा का, यावर वर्गात बराच वाद झाला. काहींचे म्हणणे होते की छापून आले म्हणजे झाले. शेवटी तो दिला नाही. त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' हा शिक्का अजून आहे आणि कोणाजवळ त्या तलावाविषयीचे जुने छापील साहित्य असल्यास त्यांनी या धाग्यावर कळवावे.