कोडियाकच्या अस्वलासाठी .३०-०६ पुरेल का?

फेअरबँक्सकर: वसंतातल्या हंगामासाठी अलास्कातल्या कोडियाक बेटावर तपकिरी अस्वलाच्या शिकारीचं परमिट मिळालंय. माझ्याकडे .३०-०६ रायफल आहे, कॅरिबू (रेनडियर) तिनेच मारतो. मित्र म्हणतात, तपकिरी अस्वलाला .३३८ विंचेस्टर मॅग्नम ही जास्त ताकदीची रायफल हवीच. नवीन घ्यावी का?

रानवाटा: घेऊ नकोस. हातात बसलेली रायफल सोडून धक्क्याने डोळे मिटायला लावणारी घेणं मला पटत नाही. अलास्काचं वन्यजीव खातंसुद्धा चांगल्या, जड गोळीसह .३०-०६ सुचवतं. मात्र काडतूस स्वस्तातलं नको. नोस्लर पार्टिशनसारखी, हाडावर न फुटता आत शिरणारी गोळी घे. अंतर शंभर यार्डांच्या आत आण. पुढच्या खांद्यामागे, फुप्फुसांवर नेम धर आणि अस्वल पडलं तरी लगेच दुसरी गोळी भर. जखमी अस्वल आल्डरच्या दाट झुडपात शिरलं की त्याच्या मागे जाणं जिवावर बेततं, आणि त्या जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

दर्यावर्दी: मी .३७५ एच अँड एच ही आणखी जड काडतुसाची रायफल वापरतो. १९१२ सालचं काडतूस, पण जवळून अंगावर आलेल्या अस्वलापुढे मला त्याचाच भरवसा वाटतो. धक्का सोसत असेल तरच घे.

फेअरबँक्सकर: दादा, डोक्यात गोळी घातली तर?

रानवाटा: अजिबात नको. मेंदू लहान, नेम सहज चुकतो. शिवाय कवटी आणि कातडं वन्यजीव खात्याकडे नेऊन सील (खात्याची खूण) लावून घ्यावं लागतं, म्हणून कवटी फुटायला नको. आणि पिल्लं सोबत असलेल्या मादीवर गोळी चालवायची नाही, म्हणून आधी दुर्बिणीतून नीट, वेळ घेऊन बघ.